शेल, यूनिक्स
यूनिक्स परिचालन प्रणाली वापरणाऱ्याने कळफलकावरून दिलेली आज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून ती प्रणालीच्या गाभ्याकडून पार पाडून घेणारी आज्ञावली. 'शेल' म्हणजे कवच. संगणकाची स्मृती, तबकड्या व प्रक्रियक यांवर गाभ्याचे नियंत्रण असते. वापरणाऱ्याचा संबंध मात्र गाभ्याभोवतीच्या या कवचाशी येतो. ही संज्ञा १९६०–७० या दशकात फ्रेंच संगणकतज्ज्ञ ल्वी पूझँ यांनी रूढ केली. शेल ही एकाच वेळी संवादाचे साधन व आज्ञालेखनाची भाषा आहे. तिच्या प्रगत प्रकारांतील बहुतेक गुणविशेष या दुहेरी स्वरूपातून उद्‌भवले आहेत.

इतिहास : पहिली यूनिक्स शेल केन टॉम्पसन यांनी १९७१ मध्ये लिहिली. एका आज्ञेचे फलित दुसऱ्या आज्ञेस थेट पुरविणारी 'नलिका' ही योजना डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेनुसार १९७३ मध्ये अंमलात आली. स्टीव्हन बोर्न यांची शेल १९७९ मध्ये प्रसृत झाली. तीत अटी, आवर्तने व चल यांची सोय असल्यामुळे शेलला खऱ्या अर्थाने भाषेचे स्वरूप आले. त्याच सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी सिद्ध केलेल्या सी-शेलमध्ये पूर्वी दिलेल्या आज्ञा पुन्हा वापरण्याची सोय होती. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमध्ये (१९८३) या दोन्ही परंपरांचा मेळ घातला गेला. ब्रायन फॉक्स यांची बॅश (१९८९) व प्रिन्स्टन येथे विद्यार्थी असताना पॉल फॉलस्टॅड यांनी लिहिलेली झेड-शेल (१९९०) या आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या प्रगत शेल होत. २०१९ पासून ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांवर झेड-शेल ही मूळ शेल म्हणून दिली जाते.

महाराष्ट्रातील उपयोग : पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना १९८८ मध्ये झाली. या केंद्राच्या १९९८ मधील 'परम १००००' या महासंगणकावर यूनिक्स कुलातील सोलारिस ही प्रणाली होती. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील 'प्रत्यूष' (२०१८) व 'अर्क' (२०२४) हे महासंगणक यूनिक्ससदृश लिनक्स प्रणालीचे आहेत. अशा यंत्रांवर संशोधक दूरवरून प्रवेश करतो व बहुतेक काम शेलमधूनच करतो. काही तास चालणाऱ्या आकडेमोडीचा क्रम तो शेलच्या भाषेत लिहून ठेवतो व यंत्र तो त्याच्या अनुपस्थितीत पार पाडते. त्यामुळे आज्ञेतील लहानशा चुकीचे परिणाम दूरगामी होऊ शकतात.

प्रमुख गुणविशेष : पुण्यातील शिवाजीनगर, पाषाण व विश्रांतवाडीजवळील लोहगाव या वेधस्थानांच्या पर्जन्यमानाच्या नोंदी महिनावार वेगवेगळ्या फाइलींत ठेवल्या आहेत, असे उदाहरण घेऊ. फाइलींची नावे स्थान, वर्ष व महिना या क्रमाने 'लोहगाव-१९८५-०६' अशी आहेत.

(१) नावांचा विस्तार : 'लोहगाव-*-०६' एवढे लिहिल्यास शेल सर्व वर्षांच्या जून महिन्यांच्या फाइली शोधून त्यांची नावे आज्ञेत घालते. प्रगत शेलमध्ये दोन तारका वापरून सर्व उपनिर्देशिकांत शोध घेता येतो. झेड-शेलमध्ये फाइलीचा आकार, प्रकार वा बदलाचा दिनांक ही अटही त्याच जागी घालता येते, उदा., रिकाम्या राहिलेल्या फाइली तेवढ्या निवडता येतात.

(२) पूर्ती व इतिहास : नावाची आरंभीची अक्षरे लिहून टॅब कळ दाबली की, उरलेला भाग शेल पूर्ण करते. झेड-शेलमध्ये आज्ञेचे पर्यायही अशा रीतीने सुचविले जातात. दिलेल्या आज्ञा जतन होतात व अनेक खिडक्यांत समाईक ठेवता येतात.

(३) अंकगणित : बॅशचे अंगभूत अंकगणित पूर्णांकांपुरते आहे, त्यामुळे १२·४ मिमी. व ३·८ मिमी. यांची बेरीज तीत दुसऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने करावी लागते. झेड-शेल व १९९३ नंतरची कॉर्न शेल यांत ती थेट करता येते. आकडे मात्र आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे लागतात. देवनागरी अंक ही शेलच्या लेखी केवळ चिन्हे होत.

सुरक्षितता : यूनिक्समध्ये आज्ञेने पुसलेली फाइल सामान्यतः परत मिळत नाही, म्हणून आज्ञेचा विस्तार नेमका कसा होतो, हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. चलामध्ये 'लोहगाव जुने' हे नाव असून ते चल अवतरणचिन्हांविना वापरले, तर बॅश त्याचे 'लोहगाव' व 'जुने' असे दोन तुकडे करते. आज्ञा पुसण्याची असल्यास व 'लोहगाव' नावाची वेगळी फाइल असल्यास भलतीच फाइल नष्ट होते. झेड-शेल असे तुकडे करीत नाही. निर्देशिकेतील सर्व फाइली पुसण्याची आज्ञा संवादात दिल्यास ती आधी पृच्छा करते. तारकायुक्त नावाशी एकही फाइल जुळली नाही, तर बॅश ते नाव तसेच पुढे धाडते. झेड-शेल तेथेच थांबून चूक दर्शविते. नलिकेने जोडलेल्या आज्ञांपैकी शेवटची यशस्वी झाली की, एरव्ही सर्व साखळी यशस्वी मानली जाते. मधल्या आज्ञेचे अपयशही नोंदले जावे असा पर्याय प्रगत शेलमध्ये निवडता येतो. रात्रभर चालणाऱ्या आकडेमोडीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

देवनागरी लिपी : यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह वा स्वरचिन्ह तीन बाइट व्यापते. 'लोहगाव' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. परंतु संगणकाच्या दृष्टीने ती सहा चिन्हे व अठरा बाइट होत. प्रश्नचिन्ह हे कोणत्याही एका चिन्हाऐवजी वापरले जाते. त्यामुळे या शब्दासाठी आधुनिक शेलमध्ये सहा, तर केवळ बाइट मोजणाऱ्या जुन्या शेलमध्ये अठरा प्रश्नचिन्हे लागतात. लिनक्सवरील प्रचलित फाइल-व्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने मराठी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही.

मर्यादा : शेलची भाषा १९९२ मध्ये पॉझिक्स प्रमाणकाने निश्चित केली, परंतु वरीलपैकी अनेक सोयी या प्रमाणकाबाहेरील आहेत. शिवाय सूचीतील पहिला घटक बॅशमध्ये शून्याने, तर झेड-शेलमध्ये एकाने निर्देशिला जातो. त्यामुळे एका शेलसाठी लिहिलेला आज्ञाक्रम दुसरीत चालेलच असे नाही व चालला तरी फलित निराळे येऊ शकते. म्हणून संवादासाठी प्रगत शेल आणि इतरांस द्यावयाच्या आज्ञाक्रमांसाठी प्रमाणित भाषा, अशी विभागणी इष्ट ठरते. आज्ञाक्रमाच्या पहिल्या ओळीत अभिप्रेत शेलचा निर्देश करण्याचा प्रघातही याच कारणाने पाळावा लागतो.