हरवलेले पंचवीस सेकंद

बुद्धिबळाच्या सामन्यात प्रतिस्पर्धी विचार करीत असताना आपले घड्याळ थांबलेले असते. आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी (२०२४ च्या ऑलिंपियाडमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघातला) अशाच घड्याळावर खेळतो. १९९९ साली आलेल्या ‘एज ऑफ एम्पायर्स–२’ या संगणकीय युद्धखेळात मात्र पाळी नसते. दोघांचाही वेळ एकदमच धावतो.

माझा पुतण्या हा खेळ गमतीने खेळतो आणि तटबंदी मोठी सुरेख बांधतो. पण स्पर्धेच्या तयारीने खेळणाऱ्या मित्रापुढे हरतो. “त्याची बोटे भराभर चालतात,” ही त्याची तक्रार. मला काही ते पटले नाही.

या खेळात नगरकेंद्र ५० अन्न घेऊन २५ सेकंदांत एक गावकरी तयार करते. अन्न व घरे पुरेशी आहेत असे समजू. मित्राचे केंद्र क्षणभरही थांबत नाही. ५ मिनिटांत त्याचे १२ गावकरी होतात. पुतण्या प्रत्येक गावकऱ्यानंतर २५ सेकंद तटबंदीत रमतो, त्याचे ६. आता प्रत्येक गावकऱ्याने तयार झाल्यापासून केलेल्या कामाचे सेकंद मिळवा. मित्राचे १६५०, पुतण्याचे ९००! दवडले १५० सेकंद, बुडाले ७५० सेकंदांचे काम. कारण पहिली दिरंगाई पुढच्या प्रत्येक गावकऱ्याला उशीर करते. शेवटची कोणालाच नाही.

गमतीच्या खेळात हा हिशेब कोणी मागत नाही, आणि तटबंदी खरोखरच देखणी असते.

प्रत्येक वेळी १० सेकंदच दवडणाऱ्याचे काम किती होईल? (उत्तर : १२२० सेकंद.)