पाऊस किती, ढग किती उंच

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वसईच्या मिठागर वस्तीला पाण्याने वेढा घातला. एवढे पाणी ओतणारे ढग वरच्या हवेतही तेवढीच उलथापालथ करत असतील, असे कुणालाही वाटेल. गेल्या काही दशकांतल्या नोंदी तसे सांगत नाहीत. वरच्या हवेच्या रसायनाच्या दृष्टीने ढग किती बरसला याला फारसे महत्त्व नाही. तो किती उंच गेला ते पाहावे लागते. १९९७ साली सोडलेल्या ‘ट्रिम’ उपग्रहाच्या रडारने दाखवले, की सह्याद्रीलगतचा ऐन पावसाळ्यातला मुसळधार पाऊस बहुतेक वेळा बेताच्या उंचीच्या ढगांतून पडतो. मे महिन्यातला वळीव किंवा गडगडाट करत येणारा परतीचा पाऊस तासाभरात आटोपतो, पण त्याचा ढग १५ किलोमीटरच्या आसपास पोचतो आणि पुढे चढता येत नाही म्हणून ऐरणीसारखा आडवा पसरतो.

उंच ढग वर काय नेतो, हे समजायला आधी खालच्या हवेकडे पाहावे लागते. जानेवारी ते मार्च १९९९ मध्ये हवामानशास्त्रज्ञ व्ही. रामनाथन आणि ओझोनवरील कामासाठी नोबेल मिळालेले पॉल क्रुत्झन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही संशोधन मोहीम झाली. हिवाळ्यात उपखंडाचा धूर समुद्रावर दूरवर जातो, पण साधारण ३ किलोमीटरच्या आतच राहतो, असे तिच्यात आढळले. पावसाळ्यात या धुराचे काय होते? पाऊस धुऊन काढतो, हे उत्तर अर्धेच खरे. नायट्रिक आम्ल थेंबांत विरघळून खाली येते. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ विरघळत नाही, तो ढगातल्या उभ्या झोतातून वर निघतो. २०११ मध्ये ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या नोंदींतून आशियावर पावसाळ्यात १३ ते १८ किलोमीटर उंचीवर सूक्ष्मकणांचा थर उघड झाला. २०१७ मध्ये नेपाळमधून उडालेल्या संशोधन विमानाच्या मोजमापांनी त्यात अमोनियम नायट्रेट दाखवले. त्याच्या मुळाशी असलेला, शेतातून, गोठ्यांतून सुटणारा अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. तरी तोही सगळा धुतला जात नाही.

पण धूर जमिनीचा. वसईजवळच्या अर्नाळ्यापलीकडे समुद्रावर उठलेला ढग वर नेणार काय? आक्षेप रास्त आहे, फक्त त्यात स्वच्छ हवा बिनकामाची धरली आहे. दमट समुद्री हवेत उन्हाने ओझोन मोडतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे थोडी असल्याने तो भरून निघत नाही. ही ओझोन कमी असलेली हवा ढग थेट अशा उंचीवर नेऊन सोडतो, जिथे ओझोन उष्णता अडवण्यात विशेष प्रभावी असतो. वीज याच्या उलट वागते: तिच्यामुळे नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि त्यातून पुढे ओझोन वाढतो. मात्र समुद्रावर विजा जमिनीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे दख्खनवरच्या वळिवाचा हिशेब दर्यावरच्या वादळाला लावता येत नाही.

एका चक्रीवादळाची खूण वर फार टिकत नाही, हेही खरे. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ वसईसमोरून गुजरातकडे गेले आणि आटोपले. शिवाय पावसाळ्यात हवा वर जाण्याच्या मोठ्या वाटा बंगालचा उपसागर आणि हिमालयाचा पायथा इथे आहेत. आपला किनारा त्यात दुय्यम. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले, की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळे आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. ती मुख्यतः पावसाळ्याच्या आगेमागे येतात, म्हणजे उंच ढगांच्याच दिवसांत.