दमनापूर्वीचे मन

मनोविश्लेषणातील 'संरक्षण' ही कल्पना सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ साली मांडली. असह्य विचार मन जाणिवेबाहेर लोटते आणि त्याची किंमत आजाराच्या लक्षणांतून मोजते, असा तिचा आशय. त्यांच्या कन्या अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९३६ साली अशा यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली. परंतु दमन करावयास आधी 'मी' घडलेला असावा लागतो. ज्या अर्भकाजवळ तो पुरता नाही, ते भयापासून स्वतःला कसे वाचवीत असेल?

या प्रश्नास मेलानी क्लाइन (१८८२-१९६०) यांनी उत्तर दिले. १९२६ साली बर्लिनहून लंडनला गेलेल्या या विदुषी, प्रौढांच्या स्वप्नांकडे पाहावे तसे लहान मुलांच्या खेळाकडे पाहत. त्यांच्या १९४६ सालच्या निबंधानुसार अर्भक आपल्या अनुभवाचे दोन तुकडे करते. भूक भागविणारा स्तन सर्वस्वी चांगला, वेळेवर न मिळणारा सर्वस्वी वाईट. दोन्ही एकाच मातेचे, हे त्यास ठाऊक नसते. हे विभाजन. आपला संतापही ते त्या 'वाईटा'वर टाकते. मग तोच संताप बाहेरून आपल्यावर चालून येत आहे, असे त्यास भासते. हे प्रक्षेपण. विभाजन हा निव्वळ दोष नव्हे. चांगले ते जपून ठेवण्याचा दुसरा उपाय त्या वयात नसतो.

पुढे, पहिल्या वर्षाच्या मध्यास, जिच्यावर आपण संतापलो तीच आपली पोशिंदी, हे उमगू लागते आणि भयाची जागा शोक घेतो. क्लाइन या शोकास वाढीचे लक्षण मानतात. त्यांच्या विचारातील सर्वांत खोल भाग आम्हांस हाच वाटतो.

येथे एका शब्दाविषयी. क्लाइन यांच्या 'पोझिशन'ला मराठीत 'अवस्था' म्हणू नये, 'स्थिती' म्हणावे. अवस्था मागे पडते. स्थितीत मनुष्य पुनःपुन्हा परततो. काल ज्यास देवता मानले त्यास एका चुकीपायी आज राक्षस ठरविणारा प्रौढ त्या पहिल्या स्थितीतच उभा असतो.

पण मुक्या जिवाच्या मनातले कळते कसे? १९४१ ते १९४५ या काळात ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेत क्लाइन व अ‍ॅना फ्रॉइड यांच्या पक्षांत जो वाद झाला, त्यातील एक कळीचा मुद्दा हाच होता. आक्षेप पोकळ नव्हता. जन्मानंतरच्या तीन दिवसांत बाळ मातेचा आवाज ओळखते, असे १९८० सालच्या प्रयोगात दिसले. १९८५ साली डॅनिएल स्टर्न यांनी तर अर्भक आरंभी वास्तवच अनुभवते, विपर्यास नंतरचा, असे प्रतिपादिले. तेव्हा क्लाइन यांचे कालमापन आम्हांस डळमळीत वाटते. यंत्रणेचे वर्णन मात्र टिकले. १९६७ साली ऑटो केर्नबर्ग यांनी 'बॉर्डरलाइन' म्हटल्या जाणाऱ्या रुग्णांची घडण विभाजनाच्याच आधारे उलगडली. त्यांच्या उपचारपद्धतीत चिकित्सक रुग्णाच्या मनातील आपली दोन विरुद्ध चित्रे एकाच वेळी त्याच्यासमोर ठेवतो.