दगडावरील दानपत्रे

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे आठ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला, तीन डोंगर एका ओळीत उभे आहेत. त्यांपैकी एकाच्या मध्यावर काळ्या खडकात काळोख्या चौकटींची एक रांग दुरूनच दिसते. हीच नाशिकची सुप्रसिद्ध पांडवलेणी होत. पायथ्यापासून पायऱ्यांची वाट चढून गेले की प्रवासी एका लांबट सपाटीवर येतो. समोर लेण्यांची ओळ आणि पाठीशी गोदावरीच्या खोऱ्याचा विस्तीर्ण प्रदेश, असे ते स्थान आहे. बहुतेक लेण्यांची तोंडे उत्तरेकडे असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ओसरीत सावली आणि गारवा असतो.

वनवासात असताना पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली, अशी लोकसमजूत आहे. मोठे व अद्भुत असे काही दिसले की ते पांडवांच्या नावावर घालण्याची आपल्याकडे जुनी रीतच आहे. परंतु ही लेणी कोणी कोरविली, ह्याचे उत्तर लोककथेत शोधण्याचे कारण नाही. ते उत्तर लेण्यांच्या भिंतींवरच लिहिलेले आहे. शेकडो वर्षे ते सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. मात्र ते वाचता येणारा कोणी उरला नव्हता.

ह्या लेखांची लिपी ब्राह्मी आणि भाषा मुख्यतः प्राकृत आहे. काळाच्या ओघात ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप ह्या विद्वानाने जुनी नाणी व शिलालेख ताडून पाहून ती लिपी उलगडली, आणि मुक्या भिंती बोलू लागल्या. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी नाशिकच्या लेखांचा अभ्यास केला. त्यांचा त्यावरील निबंध १८७४ साली लंडन येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी होता. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीही हे लेख परिश्रमपूर्वक वाचले. तेव्हा कळले की ह्या पर्वताचे जुने नाव ‘तिरण्हु’ अथवा ‘त्रिरश्मी’ असे आहे आणि ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेली आहेत.

भिक्षूंना वर्षभर गावोगाव हिंडून धर्मोपदेश करावा लागे. परंतु पावसाळ्याचे महिने त्यांनी एका ठिकाणी राहावे, असा नियम होता. सह्याद्रीच्या पावसात टिकेल असा निवारा म्हणजे डोंगराचा कातळच. शिवाय सोपारा, कल्याण ह्या कोकणातील बंदरांतून घाट चढून देशावर येणारा व्यापारी मार्ग नाशिकवरून जात असे. त्यामुळे दान देणारे व्यापारी आणि भिक्षा देणारी गावे जवळ होती. येथे एकंदर चोवीस लेणी मोजली जातात. कारागीर प्रथम कडा तासून दर्शनी भाग सारखा करीत, मग छतापासून आरंभ करून छिन्नी-हातोड्याने खाली खाली कोरीत येत. इमारत उभारताना एखादा दगड बिघडला तर तो बदलता येतो. येथे तशी सोय नव्हती. एक घाव चुकला की तो कायमचा राही.

लेण्यांपैकी अठराव्या क्रमांकाचे लेणे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दारावर नालाच्या आकाराची सुंदर कमान असून आत कमानदार छताखाली स्तूप आहे. बाकीची लेणी प्रायः विहार, म्हणजे राहण्याच्या जागा. मध्ये चौकोनी दालन, तीन बाजूंस लहान लहान खोल्या, पुढे खांबांची ओसरी आणि जवळच पाण्यासाठी खोदलेले टाके, अशी त्यांची रचना आहे. शिलालेखांत गुंफेला ‘लेण’, खोलीला ‘ओवरक’ आणि पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. मराठीतील ‘लेणे’, ‘ओवरी’ आणि ‘पोढी’ हे शब्द त्यांचेच वंशज होत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर आपल्या बोलण्यातले शब्द असे भेटतात.

दहाव्या क्रमांकाचे लेणे उषवदाताने कोरविले. तो क्षहरात कुळातील शक राजा नहपान ह्याचा जावई होता. त्याने आपल्या दानांची मोठी यादी येथे कोरून ठेविली आहे. तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर त्याने लोकांना फुकट नेणाऱ्या नावा ठेविल्या, वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खोदविल्या. त्याची दाने ब्राह्मणांना होती, तशीच भिक्षूंनाही होती. त्याची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या ओवरीचा लेखही येथेच आहे.

ह्या लेण्यातील बेचाळिसाव्या वर्षाचा लेख तर हिशेबाचा उत्तम नमुना आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेविली. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. पहिल्या श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण ह्या व्याजाने. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, अशी अट होती. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण मिळावेत, असे लेखात म्हटले आहे. आता हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा दिले तर बेरीज तितकीच होते. एक कार्षापण कमी नाही की अधिक नाही. ही ठेव निगमसभेत जाहीर करून तिची रीतसर नोंदही करण्यात आली. विणकरांचे संघ राजघराण्याचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतील, एवढा त्यांच्यावर भरवसा होता. नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी गोवर्धन नावाचे गाव आजही आहे.

नहपानाची सत्ता मात्र टिकली नाही. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याने त्याचा पराभव केला. ह्याला लेण्यांबाहेरचा एक पुरावा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. राज्य बदलले, ही गोष्ट त्या नाण्यांनी हातोहात सर्वत्र पोहोचविली असेल.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या दोन आज्ञा कोरलेल्या आहेत. अठराव्या राज्यवर्षी त्याने पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे शेत ह्या पर्वतावरील भिक्षूंना दिले. निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप होय. त्या शेतात राजाच्या अधिकाऱ्यांनी शिरू नये, असे अभयही दिले. पण पुढे काय घडले, ते चोविसाव्या वर्षाच्या आज्ञेवरून कळते. ते शेत कसले जात नव्हते आणि ते गाव ओस पडले होते. दान कागदोपत्री होते. त्याचे धान्य भिक्षूंच्या पात्रात पडत नव्हते. तेव्हा राजाने आणि राजमातेने आपल्या अधिकाऱ्याला आज्ञा करून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने त्यांना देवविली. पहिली आज्ञा चुकीची ठरली, हे झाकण्याचा प्रयत्न येथे नाही. दोन्ही आज्ञा एकाच लेण्यात आजही वाचावयास मिळतात.

ह्याच लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी ह्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील आहे. ती स्वतःला महाराजाची माता आणि महाराजाची आजी म्हणविते. आपला पुत्र शक, यवन व पह्लव ह्यांचा नाश करणारा, क्षहरातांचे कुळ निपटून सातवाहन कुळाचे यश पुन्हा स्थापन करणारा होता. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले होते, असे ती अभिमानाने सांगते. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. तो प्रजेच्या सुखात सुख व दुःखात दुःख मानी, न्यायाने कर घेई आणि आईच्या सेवेत तत्पर असे, हेही ती नमूद करते. आपल्या पराक्रमी पुत्राची कीर्ती वृद्ध मातेने कातळाच्या स्वाधीन केली आहे.

तथापि ही लेणी केवळ राजांची नव्हेत. सतराव्या क्रमांकाचे लेणे उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने आपल्या मातापित्यांच्या सन्मानार्थ कोरविले. चैत्यगृहाच्या दाराची कोरीव कमान धंभिक गावाच्या लोकांचे दान आहे. एक लेणे मुगूदास नावाच्या कोळ्याने दिले आहे. आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, तेली आदींच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्या. त्यांच्या व्याजातून आजारी भिक्षूंना औषधे मिळावयाची होती. राजमाता, परकीय, गावकरी, कोळी आणि एक कनवाळू स्त्री, ह्या सर्वांची नावे एकाच डोंगरावर आहेत. प्रत्येकाने नाव कोरले, ते काहीतरी देऊन मगच.

पुढील शतकांत महायान पंथाच्या भिक्षूंनी येथे बुद्धाच्या भव्य मूर्ती कोरल्या; अकराव्या लेण्यात जैन मूर्तीही आहेत. आज हे स्थळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. परंतु ऊन, पाऊस व वारा ह्यांनी खडक झिजतो आणि त्याबरोबर अक्षरेही झिजतात. माणसाच्या हाताने होणारी हानी त्याहून वेगाने होते. एखाद्या लेखाशेजारी कोणी टोकदार दगडाने आपले नाव खरवडले, तर एखादे प्राचीन अक्षर कायमचे जाऊ शकते, आणि कधी कधी एका अक्षराच्या अभावी सबंध ओळीचा अर्थ लागत नाही. ह्या लेखांच्या प्रती व ठसे ग्रंथांत छापलेले आहेत. परंतु मूळ लेख एकच आहे आणि तो ह्या डोंगरावर आहे.

म्हणून लेणी पाहावयास जाणाऱ्याने भिंतीला हात न लावता, सकाळचा तिरपा उजेड ओसरीत येतो तेव्हा त्या ओळी शांतपणे न्याहाळाव्या. ब्राह्मीतील ‘क’ हा अधिक चिन्हासारखा, ‘ठ’ हा वर्तुळासारखा आणि ‘ग’ हा छपरासारखा असतो. एवढी दोन-तीन अक्षरे ओळखता आली, तरी ती ओळ केवळ नक्षी राहत नाही आणि कोणीतरी काहीतरी सांगत आहे, असे जाणवू लागते.