सावधानतेची पाटी आणि संतापाची गर्दी

वृत्तवाहिनीवर अपघाताची किंवा दंगलीची चित्रफीत दाखवण्याआधी निवेदिका सांगते, ‘ही दृश्ये तुम्हाला विचलित करू शकतात.’ हे ऐकून टीव्ही बंद करणारे घरात कितीसे असतात? बहुतेक घरांत उलटेच होते. पेपर वाचणारा मान वर करतो आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी हात पुसत बाहेर येते. मोबाइलवर हाच इशारा धूसर केलेल्या छायाचित्राच्या रूपात येतो. त्यावर ‘संवेदनशील मजकूर’ असे लिहिलेले असते आणि बोट आपसूक ‘पाहा’ या बटणाकडे वळते.

असा इशारा देणे हा खरे तर साधा शिष्टाचार. पण ऑनलाइन समूहांमध्ये गेली दहा-पंधरा वर्षे त्यावरून कडाक्याची भांडणे होत आहेत. इशारा कशाकशाला द्यायचा, तो कुणी ठरवायचा, न देणाऱ्याला काय बोलायचे, असे त्यातले मुद्दे. दोन्ही बाजू मानसिक आरोग्याचा दाखला देतात. एक म्हणते, इशारा नसेल तर आघात सोसलेल्यांना त्रास होतो; दुसरी म्हणते, अशाने माणसे आणखी हळवी होतात. गंमत अशी की, गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी इशाऱ्यांवरही प्रयोग केले आणि त्यावरून उसळणाऱ्या संतापावरही. त्यांतून जे हाती आले, ते दोन्ही बाजूंना पुरते सोयीचे नाही.

या भांडणाचे एक ठळक उदाहरण म्हणजे ‘मॅस्टोडॉन’. जर्मनीतल्या ऑयगेन रोखको या तरुणाने २०१६ मध्ये सुरू केलेले हे समाजमाध्यम दिसायला ट्विटरसारखे, पण एका कंपनीच्या मालकीचे नाही. स्वयंसेवकांनी चालवलेले हजारो छोटे सर्व्हर एकमेकांना जोडलेले, अशी त्याची रचना. भारतात त्याचे नाव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ऐकू आले ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर निषेध म्हणून अनेक जण तिकडे गेले, आणि त्यातले बरेचसे काही दिवसांत परतलेही.

मॅस्टोडॉनवर मजकूर लिहिण्याच्या चौकटीतच ‘कंटेंट वॉर्निंग’चे बटण आहे. ते दाबून एक ओळ लिहिली की मूळ मजकूर तिच्याखाली झाकला जातो. वाचणाऱ्याने ठरवायचे, उघडायचा की पुढे जायचे. हिंसा आणि लैंगिक अत्याचार यांसाठी ही सोय वापरली जाणे स्वाभाविकच होते. पण तिथल्या जुन्या मंडळींनी ती राजकारणापासून जेवणाच्या ताटापर्यंत आणि थेट नजरेला नजर देणाऱ्या छायाचित्रापर्यंत नेली. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण ताटाचे छायाचित्र खाण्याचा विकार असलेल्या व्यक्तीला अस्वस्थ करू शकते. स्वमग्नता असलेल्या काहींना रोखून पाहणारा चेहरा नकोसा होतो. इतर समाजमाध्यमांवर छळ सोसून आलेल्या अनेकांनी, विशेषतः एलजीबीटी समुदायातल्या लोकांनी, ही शांत जागा जपून उभी केली होती.

ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतले आणि मॅस्टोडॉनकडे रांग लागली. दरमहा सक्रिय असणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेली. आलेल्यांत अनेक कृष्णवर्णीय अमेरिकन होते. ते आपल्या वाट्याला रोज येणाऱ्या वर्णद्वेषाबद्दल लिहू लागले, तेव्हा काही जुन्या सदस्यांनी त्यांना सांगितले, ‘हे इशाऱ्याखाली टाका.’ नव्यांचा संताप झाला. आमचे रोजचे जगणे म्हणजे तुम्हाला नकोसा मजकूर आहे काय, हा त्यांचा सवाल. जुने म्हणत होते, इथला नियम सगळ्यांना सारखाच आहे.

नियम सारखा होता, हे खरे. पण त्याचा भार सारखा नव्हता. ज्याचा आघात एकदा घडून गेला आहे त्याला शांतता हवी होती. ज्याचा रोज घडतो आहे त्याला ऐकणारे कान हवे होते. दोघांची गरज खरी आणि बटण मात्र एकच.

आता इशाऱ्याने नेमके काय होते ते पाहू. ‘ट्रिगर’ हा शब्द या चर्चेत आला तो मनोविकारशास्त्रातून. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची अवस्था डॉक्टरांना नीट समजून घ्यावी लागली. त्यातूनच १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, या निदानाला जागा दिली. या विकारात एखाद्या खुणेने मूळ प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखा उभा राहतो. ही खूण बहुतेकदा विषयाशी नव्हे, इंद्रियांशी जोडलेली असते. डिझेलचा वास, दार आपटल्याचा आवाज, एखाद्या विशिष्ट रंगाचा शर्ट. मजकुराच्या डोक्यावर कितीही काळजीपूर्वक पाटी लावली तरी असल्या खुणा तिच्यात मावत नाहीत.

ऑनलाइन स्त्रीवादी गट आणि चाहत्यांचे लेखनसमूह यांतून इशाऱ्याची प्रथा रुजली आणि २०१४ च्या सुमारास अमेरिकी विद्यापीठांत पोहोचली. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांवरही असे इशारे असावेत, अशी मागणी विद्यार्थी करू लागले. शिकागो विद्यापीठाने २०१६ मध्ये नव्या विद्यार्थ्यांना पत्र पाठवून, आपण अशा इशाऱ्यांना पाठिंबा देत नाही, असे कळवून टाकले. एवढा वाद पेटला तोवर इशारे उपयोगी पडतात का, हे प्रयोगाने कुणी फारसे तपासलेच नव्हते.

मग तपासणी सुरू झाली. हार्वर्डमधील पेटन जोन्स, बेंजामिन बेलेट आणि रिचर्ड मॅकनली यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गंभीर आघात सोसलेले ४५१ जण होते. त्यांना साहित्यातले उतारे वाचायला दिले. काहींना आधी इशारा दिला, काहींना नाही. इशाऱ्यामुळे चिंता कमी झाल्याचे दिसले नाही. पीटीएसडीचे निदान झालेल्यांतही नाही आणि उतारा त्यांच्याच आघाताशी जुळणारा असतानाही नाही. उलट, तो आघात हाच आपल्या ओळखीचा गाभा आहे ही भावना इशाऱ्याने थोडी बळावते, असे संकेत मिळाले. पुढे ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाच्या व्हिक्टोरिया ब्रिजलँड यांनी जोन्स आणि बेलेट यांच्यासह अशा १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. मजकूर पाहताना होणारा त्रास इशाऱ्याने कमी होत नाही, आकलनावर परिणाम होत नाही, माणसे मजकूर टाळतातच असेही नाही. पाहण्याआधीची धाकधूक तेवढी वाढते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यात फार नवल नाही. ‘आता मन घट्ट करा’ असे सांगितले म्हणून मन घट्ट कसे करायचे ते कळत नाही. इंजेक्शनची सुई टोचण्याआधी ‘दुखेल हं’ म्हटल्याने दुखणे कमी होत नाही, दंड मात्र आखडतो.

पण या निष्कर्षांवरून ‘इशारे म्हणजे नुसते लाड’ असे म्हणणारेही घाई करतात. पीटीएसडीत टाळाटाळ केल्याने विकार टिकून राहतो, हे खरे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एडना फोआ यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रुग्णाला टाळलेल्या आठवणींकडे हळूहळू नेले जाते आणि ती परिणामकारक ठरलेली आहे. पण तिथे रुग्णाची संमती असते, वेळ ठरलेली असते, समोर प्रशिक्षित तज्ज्ञ असतो. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या अचानक समोर आलेली मारहाणीची चित्रफीत हा उपचार नव्हे. शिवाय यातले बरेच प्रयोग छोट्या उताऱ्यांवर आणि प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या लोकांवर झालेले आहेत.

सगळे इशारे एकसारखे नसतात, हा मुद्दा तर या भांडणात जवळपास हरवूनच जातो. इन्स्टाग्रामने २०१७ पासून काही छायाचित्रांवर धूसर पडदा टाकायला सुरुवात केली. फ्लिंडर्स विद्यापीठाच्याच संशोधकांना असे आढळले की बहुसंख्य लोक तो पडदा बाजूला सारतात. नैराश्य किंवा आघाताची लक्षणे असलेलेही त्याला अपवाद नव्हते. नंतरच्या अभ्यासात मात्र पडद्यामागे काय आहे हे थोडक्यात सांगितल्यावर पाहणाऱ्यांचे प्रमाण घटले. ‘इथे काहीतरी भयंकर आहे’ या पाटीने कुतूहल चाळवते. ‘अपघातातील मृतदेह’ एवढे दोन शब्द लिहिले की बऱ्याच जणांचे कुतूहल तिथेच शमते.

चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या विशाल संग्रहाने ही गोष्ट प्रयोगांच्या आधीच ओळखली होती. २००९ मध्ये खुल्या झालेल्या या संग्रहात लेखकाने मोजक्या चारच बाबींबद्दल आधी सांगायचे असते: तपशीलवार हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक चित्रण. सांगायचे नसेल तर ‘लेखकाने इशारे न देण्याचे ठरवले आहे’ असा पर्याय निवडता येतो. वाचकाला त्यातून कळायचे ते कळते. इथे इशारा काळजीच्या सुरात बोलत नाही, डब्यावरच्या चिठ्ठीसारखा आत काय आहे तेवढे सांगतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला ‘खाताना सावध राहा’ या सूचनेचा काय उपयोग? त्याला ‘यात शेंगदाणे आहेत’ हे हवे असते.

आता संतापाकडे. इशारा द्यायला विसरलेल्या माणसावर शंभर जण तुटून पडतात, तेव्हा त्या शंभरांतला प्रत्येक जण बहुधा स्वतःला योग्यच वागतो आहोत असे समजत असतो. स्टॅनफर्डमधील ताकुया सावाओका आणि बेनवा मोनँ यांनी २०१८ मध्ये हेच कोडे तपासले. आक्षेपार्ह मजकुरावरची एक रागाची प्रतिक्रिया लोकांना स्तुत्य वाटते. तशाच अनेक प्रतिक्रिया एकत्र दिसल्या की त्याच लोकांना तो छळ वाटतो आणि मूळ चूक करणाऱ्याबद्दल सहानुभूती वाढते. थेंब थेंब करून पूर येतो, आणि पुराचा दोष कुठल्याच थेंबावर टाकता येत नाही.

हा पूर आपोआप येत नाही, त्याला उतार मिळालेला असतो. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये वादग्रस्त विषयांवरची ५ लाखांहून अधिक ट्वीट तपासली. नैतिकता आणि भावना दोन्ही ओतप्रोत भरलेला एकेक शब्द वाढला की ट्वीटचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता. येल विद्यापीठात ब्रेडी आणि मॉली क्रॉकेट यांनी २०२१ मध्ये ७,३३१ जणांच्या १ कोटी २७ लाख ट्वीटचा माग काढला. रागाच्या ट्वीटला ‘लाइक’ मिळाले की तो माणूस पुढे आणखी राग व्यक्त करतो, असे त्यात दिसले. टोकाच्या मतांच्या गटांत राग मुळातच जास्त होता, पण शाबासकीचा परिणाम मवाळ गटांतल्या लोकांवर अधिक होत होता. म्हणजे शांत माणसांना संतापायला शिकवण्याचे काम ती छोटी लाल बदामाची खूण करते.

त्याच संशोधकांच्या २०२३ मधील अभ्यासाने आणखी एक पदर उलगडला. ट्वीट लिहिणाऱ्यांना त्यांनी लिहिल्यावर लगेच विचारले, तुम्ही किती संतापला आहात? मग तीच ट्वीट इतरांना दाखवून लिहिणारा किती संतापला असेल ते विचारले. वाचणाऱ्यांना दिसलेला राग लिहिणाऱ्याच्या मनातल्या रागापेक्षा जास्त होता. मॅस्टोडॉनवर ‘कृपया इशारा द्या’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या लेखी विनंती असेल, आणि दिवसभरात तशा दहा सूचना मिळालेल्या माणसाला ते ‘गप्प बसा’ असेच ऐकू आले असेल. समोरासमोर असते तर आवाज, चेहरा, एखादा ‘बरं का’ यांनी हे अंतर भरून काढले असते.

भारतात ऑनलाइन मालिका-चित्रपटांसाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटानुसार वर्गवारी आणि मजकुराचे वर्णन बंधनकारक केले. सुरुवातीला कोपऱ्यात दिसणारे ‘हिंसा, अपशब्द’ हे शब्द त्यातूनच आले. व्हॉट्सॲप गटांवर असे काही बंधन नाही. अपघाताची चित्रफीत ‘पुढे पाठवा’ एवढ्याच मजकुरासह येते. चित्रफितीवर ‘रक्त आहे’ एवढे दोन शब्द टाकायला पाच सेकंद लागतात, आणि तेवढ्याने पाहायचे की नाही हे ठरवायची संधी प्रत्येकाला मिळते. आघाताच्या आठवणी, दुःस्वप्ने, दचकणे हे महिन्याहून अधिक काळ टिकले आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर मात्र कुठल्याही पाटीने भागणार नाही. तिथे तज्ज्ञच हवा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे.

वाद शिगेला असतानाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, मॅस्टोडॉनची चौथी आवृत्ती आली. तिच्यात वाचकाला स्वतःची यादी करता येते. नको असलेले शब्द त्यात लिहिले की ते शब्द असलेला मजकूर त्याच्यापुरता इशाऱ्याखाली झाकला जातो. इतरांना तो उघडाच दिसतो, आणि लिहिणाऱ्याला कुणी झाकून घेतले हे कळतही नाही.