पिळणाऱ्या हातांची गोष्ट

वाकळ धुणे हे एकटीचे काम नव्हे, हे प्रत्येक माता-भगिनीला माहीत आहे. कोरडी वाकळ काखेत मारून नेता येते. तीच पाण्यात बुडाली की आवरत नाही. मग एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि दोघींनी मिळून पीळ द्यायचा. प्रवरेच्या काठी, कालव्याच्या कडेला, नगरच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळावर आम्ही हे लहानपणापासून पाहत आलो. धुणे आपटण्याचा आवाज सर्वांना ऐकू जातो. पिळण्याला आवाज नाही. पण रात्री मनगट ठणकते ते पिळण्यानेच.

हे काम बाईच्या हातून काढून घेणारे एक यंत्र होते. आपल्याकडे ते घरोघरी कधी पोहोचलेच नाही. अमेरिकेत मात्र लोक आज ते हौसेने जमवतात आणि वापरतातही. त्याची माहिती वाचकांना द्यावी असे आम्हाला वाटते, कारण या यंत्राच्या इतिहासात आपल्या नात्यातली वाटावी अशी एक बाई आहे.

रसवंतीचा चरक आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन रुळांमधून ऊस जातो, रस खाली पडतो, चिपाड पलीकडे निघते. कपडे पिळण्याचे यंत्र नेमके असेच. रूळ आधी लाकडाचे होते, पुढे रबराचे झाले. वरचा स्क्रू आवळला की दाब वाढतो. पूर्वी दांडा हाताने फिरवावा लागे. नंतर खाली गोल टब, त्यात ताक घुसळावे तसे कपडे घुसळणारा पंखा आणि टबाच्या काठावर रूळ, असे मोटारीवर चालणारे यंत्र आले. आयोवा राज्यातील न्यूटन गावची मेटॅग कंपनी यासाठी प्रसिद्ध होती. वीज न पोहोचलेल्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी तिने पेट्रोलवर चालणारे इंजिनही जोडून दिले. १९८३ मध्ये तिने रुळाचे यंत्र बनवणे बंद केले.

आता त्या बाईविषयी. वॉशिंग्टन शहरात एलन एग्लिन नावाची एक काळी बाई घरकाम करून पोट भरत असे. तिने कपडे पिळण्याचे एक यंत्र शोधून काढले आणि १८८८ मध्ये त्याचा हक्क एका दलालाला अवघ्या १८ डॉलरला विकून टाकला. का विकला? हे यंत्र काळ्या बाईने काढले असे कळले, तर गोऱ्या बाया ते विकत घेणार नाहीत, असे तिनेच पुढे सांगितले. स्त्री संशोधकांच्या एका छोट्या पत्राने ही हकीकत छापली, म्हणून तिचे नाव तरी उरले.

त्याआधी १५ वर्षे, १८७३ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. गुलामी कायद्याने गेली, पण एग्लिनच्या यंत्रावर तिचे नाव लागले नाही. आपल्या आज्या-पणज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. गावचा पाणवठा त्यांना बंद होता आणि परीट त्यांचे कपडे घेत नसे. दुसऱ्यांची घाणेरडी कामे करायची आणि आपले धुणे उरलेल्या पाण्यात धुवायचे, हेच त्यांचे जिणे होते.

अशी जुनी यंत्रे जमवणाऱ्यांत कोलोरॅडोमधील ईटन येथील ली मॅक्सवेल या निवृत्त प्राध्यापकांचे नाव मोठे. त्यांनी हजाराहून अधिक कपडे धुण्याची यंत्रे जमवली. आमिश पंथाची शेतकरी कुटुंबे सार्वजनिक वीज टाळतात. त्यांच्याकडे रुळाचे यंत्र आजही इंजिनावर चालते.

या यंत्राचा मोठा गुण म्हणजे पाण्याची बचत. एकदा केलेल्या साबणाच्या पाण्यात आधी पांढरे कपडे धुवायचे, मग रंगीत, शेवटी कामावरचे मळके. रुळातून पिळलेले साबणाचे पाणी परत टबातच पडते. मग कपडे साध्या पाण्यात खळबळून पुन्हा रुळातून काढायचे. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या भगिनींना या बचतीचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्याकडच्या दोन टबांच्या यंत्रातही हेच करता येते. पहिले पाणी लगेच सोडून देऊ नका. खळबळलेले पाणी बादलीत धरून पुढच्या धुण्याला घ्या.

धोकाही सांगितला पाहिजे. चरकात हात जातो, तसा या रुळांतही जात असे. अनेक लहान मुलांचे हात त्यात सापडले. म्हणून पुढे झटक्यात दाब सुटणारी दांडी बसवण्यात आली. जुने यंत्र वापरणाऱ्याने ती चालते की नाही हे आधी पाहावे, बटणे आतल्या बाजूला घडी करून कपडा घालावा, आणि पदर, वेणी व मुले रुळांपासून दूर ठेवावीत. ओल्या हातांनी विजेचे बटण दाबू नये, हे तर कोणत्याही यंत्राला लागू आहे.

यंत्र घेणे प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. पण वाकळीला दोन टोके असतात. एक टोक आईच्या हातात असेल, तर दुसरे मुलाने किंवा नवऱ्याने धरायला काय हरकत आहे? त्याला पैसे पडत नाहीत. आणि आजी अजून असेल, तर धुणे कुठे धुवत होतीस, पाणी कुठून आणत होतीस, हे तिला विचारून तिच्या नावासह वहीत लिहून ठेवा. एग्लिनचे नाव एका छोट्या पत्राने वाचवले. आपल्या आजीचे नाव आपणच वाचवायचे आहे.