हारलेला काय बोलला?

रात्रीचे दहा वाजले आणि ग्रँट पार्कातल्या मोठ्या पडद्यावर बातमी झळकली : बराक ओबामा अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष. तारीख ४ नोव्हेंबर २००८. शिकागोत नोव्हेंबर म्हणजे बोटं गोठवणारा महिना, पण त्या रात्री हवा ऊबदार होती. मैदानभर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, अनोळखी लोक रडत होते. माझ्या शेजारी उभी असलेली माझी सहकारी मात्र गप्प होती. तिने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि पडद्याकडे पाठ करून मैदानाच्या दक्षिण टोकाकडे बघत राहिली.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचो. मी नागपूरची, ती मिसिसिपीची. तिकडच्या गोऱ्यांच्या जाचाला कंटाळून १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेतली राज्यं सोडली, त्यांतलंच एक तिचं कुटुंब. आठ वर्षांची असताना आईचं बोट धरून ती इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोला आली. डायनिंग कारमध्ये काळ्या माणसांना मानाने बसवत नसत, म्हणून बुटाच्या खोक्यात कोंबडी आणि पाव बांधून घेतला होता. ती गाडी जिथे थांबायची ते स्टेशन ग्रँट पार्काच्या याच टोकाला, बाराव्या रस्त्यापाशी होतं. १९७४ मध्ये ते पाडलं. आता तिथे ते स्टेशन नाही, पण ती त्याच जागेकडे बघत होती. “मी इथेच उतरले होते,” एवढंच ती म्हणाली.

तिच्या आईला मिसिसिपीत कधीच मत देता आलं नाही. मतदानासाठी आधी कर भरायचा. मग कारकून राज्याच्या घटनेतलं एखादं कलम पुढे करणार आणि त्याचा अर्थ विचारणार. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणारा तोच. या चाळणीतून १९६५ पूर्वी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के मतदारयादीत पोचले होते. १९६५ साली मताधिकार कायदा झाला आणि दोनच वर्षांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेलं. माझ्या सहकारिणीचा आनंद ओरडून दाखवण्यापलीकडचा का होता, ते या आकड्यांवरून कळतं.

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत आपल्यासारखा देशभराचा निकाल जाहीर करणारा निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्य आपापली मतं मोजतं. राज्याच्या वाट्याला ठरावीक ‘इलेक्टर’ असतात, देशभरात मिळून ५३८. त्यांतले २७० ज्याच्याकडे, तो राष्ट्राध्यक्ष. त्या रात्री कॅलिफोर्नियासह पश्चिम किनाऱ्यावरचं मतदान संपलं आणि काही क्षणांतच वृत्तवाहिन्यांनी आकडेमोड करून विजेता सांगून टाकला. पुढे अंतिम हिशेब लागला तो ३६५ विरुद्ध १७३. कायद्याने मात्र इलेक्टरांनी मतं दिली १५ डिसेंबरला आणि संसदेने ती मोजली ८ जानेवारी २००९ला. मोजणीच्या त्या दिवसाची कुणी फारशी दखलही घेतली नाही. म्हणजे ग्रँट पार्कातला सगळा जल्लोष चालला होता तो नुसत्या विश्वासावर.

फोनला रेंज मिळेना. जेव्हा मिळाली तेव्हा पहिला मेसेज भावाचा होता, पुण्याच्या आयटीनगरीतून, हिंजवडीहून : “आमच्या नोकऱ्यांचं काय?” नोकऱ्या परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांच्या करसवलती काढू, असं ओबामा प्रचारात सांगत होते आणि लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून दोन महिनेही झाले नव्हते. मला त्याचा राग आला नाही. पुढचे काही दिवस जगभरच्या बातम्या वाचताना लक्षात आलं, की परक्या देशाचा निकाल प्रत्येकजण आपलाच प्रश्न उशाशी घेऊन ऐकत असतो. जपानमधल्या ओबामा नावाच्या छोट्या शहरात नावाच्या योगायोगावर लोक नाचले. दक्षिण आफ्रिकेतून नेल्सन मंडेलांनी पत्र लिहिलं. मॉस्कोत रशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी दुसऱ्याच दिवशी कॅलिनिनग्राडमध्ये क्षेपणास्त्रं ठेवण्याची भाषा केली. इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, १९७९च्या क्रांतीनंतर इराणच्या नेत्याने असं पहिल्यांदाच केलं. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराला आपलीच चिंता होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी डाउ जोन्स निर्देशांक ४८६ अंकांनी घसरला.

सगळ्यांत मोठा उत्सव केनियात झाला. ओबामांच्या वडिलांचं गाव कोगेलो रात्रभर जागं होतं आणि राष्ट्राध्यक्ष किबाकी यांनी ६ नोव्हेंबरला देशभर सुट्टी दिली. त्या आठवड्यात मी ज्या टॅक्सीत बसले तिचा चालक नेमका केनियाचा निघाला. हसत होता, पण सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाला, “इकडे एका रात्रीत निकाल लागला आणि कुणी मेलं नाही.” डिसेंबर २००७ मध्ये त्याच्याच देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. मतमोजणीवर लोकांचा विश्वास बसला नाही, हारलेल्या बाजूने निकाल मानला नाही आणि पुढच्या दोन महिन्यांत हजाराहून जास्त माणसं मारली गेली. लाखो लोक घरदार सोडून पळाले. कोगेलोच्या नाचाला या दुःखाची किनार होती.

अमेरिकेतही सगळीकडे पेढे वाटले गेले नव्हते. जवळपास सहा कोटी लोकांनी ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांना मत दिलं होतं. ॲपालेशियाच्या डोंगराळ भागापासून आर्कान्सापर्यंतच्या पट्ट्यात तर अनेक ठिकाणी ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाची मतं आधीच्या निवडणुकीपेक्षा घटली. नवं सरकार बंदुकांवर बंधनं आणेल या भीतीने दुकानांत खरेदीची झुंबड उडाली. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहांचा हक्क काढून घेतला. सॅन फ्रान्सिस्कोत एकाच घरात एकाच रात्री हसूही होतं आणि रडूही.

मध्यरात्री मी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीच्या साऱ्या वर्षांत भंडारा-गोंदियाच्या खेड्यापाड्यांत त्यांनी निवडणुकीची ड्युटी केली, कितीतरी वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, हे मला लहानपणी बाबांनीच सांगितलेलं. दोन्ही समाजांचं दुखणं सारखं, हे त्या पत्रातलं सूत्र. त्यामुळे मला वाटलं, ते आनंदाने काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, “ते सारं टीव्हीवर पायलं. आधी मले सांग, हारलेला काय बोलला?”

मी सांगितलं. मॅकेन फीनिक्सच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर आले. ओबामांचं नाव निघताच मॅकेन यांच्या समर्थकांनी हुर्यो उडवली, तेव्हा त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. १९०१ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसवर जेवायला बोलावलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, याची आठवण काढून देश कुठून कुठे आला ते सांगितलं. ओबामांची आजी दोनच दिवसांपूर्वी वारली होती, तिच्याबद्दल दुःख व्यक्त केलं. पराभवाचा दोष स्वतःकडे घेतला. ग्रँट पार्कात पडद्यावर ते बोलत असताना आमच्या भोवतीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “झालं तर. जिंकलेला गोडच बोलते. निवडणूक झाली का नाही, ते हारलेल्याच्या तोंडून कळते.”

हे बोलणं मला पुरतं समजायला बारा वर्षं लागली. हार मान्य करण्याचं भाषण अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. ती केवळ रीत. २०२०च्या निवडणुकीत हारलेल्याने ती मोडली आणि ६ जानेवारी २०२१ला, संसद तीच एरवी कुणाच्या लक्षातही न येणारी मोजणी करत असताना, जमाव खिडक्या फोडून आत शिरला. टीव्हीवर ते बघताना मला टॅक्सीतला तो केनियाचा माणूस आठवला.

आणि आठवले बाबा, मतपेट्यांच्या काळातले. मतदान सुरू होण्याआधी पेटी रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवायचं, मग तिला कागदी सील लावायचं आणि त्यावर हजर असलेल्या सगळ्या उमेदवारांच्या एजंटांच्या सह्या घ्यायच्या. एकदा मी विचारलं होतं, एवढ्या सह्या कशाला? ते म्हणाले होते, “पेटी उघडन तवा जो हारन त्याले आपली सही वळखू आली पाहिजे.”